वसंतातली सुट्टी, दोन मुलं आणि लांबचं विमान: देशाचं नाव शेवटी ठरवा

प्रश्न असा आहे: शाळेला वसंतात दोन आठवडे सुट्टी, मुलं दोन, एक 5 वर्षांचं आणि एक 11 वर्षांचं, मोठी माणसं दोन. आठ-दहा तासांहून जास्त उड्डाण करून कुठेतरी जायचं आहे, तर कुठे जावं?

देशाचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण घोळ बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. मार्चअखेर आणि एप्रिल हा जगात बऱ्याच ठिकाणी ऋतू पालटण्याचा काळ. कुठे कोरडा हंगाम संपत आलेला असतो, कुठे पाऊस दारात उभा असतो, कुठे उन्हाळा ऐन भरात असतो. एखाद्या देशाबद्दल ऐकलेलं कौतुक बरेचदा दुसऱ्याच महिन्यातलं असतं. म्हणून आधी तारखा पक्क्या करा, मग धाकट्याच्या झोपेचा विचार करा, मग त्याच पंधरवड्यातलं हवामान पाहा. एवढ्या चाळण्या लावल्या की यादीत तीन-चार नावंच उरतात, आणि त्यातलं कुठलंही निवडलं तरी फारसं बिघडत नाही.

तारखांपासून सुरू करू. अनेक देशांत ही सुट्टी ईस्टरला बांधलेली असते, आणि ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडतो. 2026 मध्ये तो 5 एप्रिलला आहे, 2027 मध्ये 28 मार्चला, 2028 मध्ये 16 एप्रिलला. लागोपाठच्या दोन वर्षांत एकोणीस दिवसांचा फरक. तोक्यो आणि क्योतोत चेरीचा बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा असतो, म्हणजे 2027 ची सुट्टी त्यावर बरोबर बसू शकते आणि 2028 ची चुकू शकते. तेव्हा ‘मागच्या वर्षी कुणीतरी गेलं होतं, मस्त होतं’ हा पुरावा धरू नका. त्यांच्या तारखा विचारा.

सुट्टी सोळा दिवसांची दिसते, दोन्ही टोकांचे शनिवार-रविवार धरून. त्यातले जाण्या-येण्याचे मिळून अडीच-तीन दिवस वजा करा. परतल्यावर शाळा सुरू होण्याआधीचे दोन दिवस घरासाठी राखून ठेवा, ते वाटाघाटीत घालू नका. हातात उरतात अकरा रात्री, फार तर बारा. आता घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत एका बाजूने किती तास लागतात ते मोजा. नुसतं उड्डाण नव्हे, विमानतळावरची वाट बघणं, मधला थांबा आणि उतरल्यावरचा रस्ताही त्यात धरा. दर दोन तासांमागे एक रात्र तरी तिथे मिळाली पाहिजे. अठरा तास लागत असतील तर नऊ रात्री, म्हणजे जमतं. अठ्ठावीस तास लागत असतील तर चौदा, म्हणजे नाही. यूरोपातून न्यूझीलंड या सुट्टीत बसत नाही ते यामुळेच, ठिकाण कितीही सुंदर असलं तरी.

उड्डाणाच्या तासांपेक्षा मुलांना जास्त त्रास देतात ते टाइम झोन. लंडनहून केप टाउनला अकरा-बारा तास लागतात, पण घड्याळात फरक एक किंवा दोन तासांचा. रात्री बसायचं, सकाळी उतरायचं, आणि त्याच दिवशी मुलं नेहमीच्या वेळेला झोपतात. तेवढ्याच तासांचं उड्डाण पूर्वेला केलं तर घड्याळ आठ तास पुढे जातं आणि पहिले चार दिवस धाकटं दुपारी जेवता जेवता पेंगतं, रात्री दोनला खेळायला उठतं. शरीराचं घड्याळ पूर्वेकडे जाताना दिवसाला साधारण एक तास सरकतं, पश्चिमेकडे जाताना थोडं लवकर. यातली मेख अशी की पश्चिमेला गेलात तर जाताना सोपं जातं, मुलं पहाटे चारला उठतात एवढंच, पण परतीचा प्रवास पूर्वेकडचा असल्याने खरा त्रास शाळेच्या पहिल्या आठवड्यात होतो. राखून ठेवलेले दोन दिवस त्यासाठीच आहेत. उत्तर-दक्षिण दिशेचा प्रवास निवडता आला तर या सगळ्यातून सुटका होते.

तिकीट पाहताना दरापेक्षा उतरण्याची वेळ आधी बघा. सकाळी सहाला उतरलात आणि खोली दुपारी तीनला मिळणार असेल, तर नऊ तास सामान आणि झोपाळू मुलं सांभाळत लॉबीत काढावे लागतात. अशा वेळी आदल्या रात्रीची खोलीही घेऊन ठेवा आणि हॉटेलला लेखी कळवा की सकाळी पोहोचणार आहोत. नाहीतर रात्री न आल्यामुळे सगळं बुकिंगच रद्द होण्याची भीती असते. दुपारी तीन-चारला उतरणारं विमान सगळ्यात चांगलं: थोडा उजेड, थोडं चालणं, लवकर जेवण, झोप.

थेट विमान नसेल तर मधला थांबा दोन ते साडेतीन तासांचा असावा. दीड तासात मुलांना शौचालयात नेऊन, पुन्हा सुरक्षा तपासणी करून दुसऱ्या टर्मिनलला पोहोचताना दमछाक होते. पाच तास झाले की मुलं कंटाळून रडकुंडीला येतात. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर हवीत. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात खरी, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते. शिवाय सामान बाहेर काढून पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशात शिरावं लागत असेल तर व्हिसाही लागू शकतो.

तुमच्या मुलांच्या वयाकडे नीट बघा, कारण 5 आणि 11 ही दोन्ही वयं उंबरठ्यावरची आहेत. बहुतेक विमान कंपन्यांत मुलांचं भाडं वयाच्या 2 ते 11 वर्षांपर्यंत लागतं, 12 पूर्ण झाली की मोठ्यांचं. थोरल्याचा वाढदिवस प्रवासाच्या आगेमागे असेल तर बुकिंगआधी कंपनीला विचारून घ्या. जपानच्या रेल्वेत 6 ते 11 वयाला अर्धं तिकीट, आणि सहाच्या आतलं मूल मोठ्या माणसासोबत, वेगळी राखीव सीट न घेता, फुकट. आफ्रिकेत अनेक लॉज उघड्या गाडीच्या सफारीला सहा वर्षांच्या आतलं मूल घेत नाहीत, आणि पायी सफारीला बहुतेक ठिकाणी बाराची अट असते. म्हणजे आज जे तुमच्यासाठी बंद आहे, ते वर्षभराने निम्मं उघडेल. सफारी हेच स्वप्न असेल तर एक वर्ष थांबणं शहाणपणाचं, किंवा मग पुढे सांगितलेली पळवाट आहे.

आता ठिकाणं.

दक्षिण आफ्रिकेचा केप भाग या सुट्टीसाठी माझ्या मते यादीत वर असायला हवा, विशेषतः यूरोप किंवा आफ्रिकेच्याच रेखांशांवरून निघणाऱ्यांसाठी. तिथे एप्रिल म्हणजे शरद, उन्हाळ्यातला झोंबरा वारा उतरलेला आणि हिवाळ्यातला पाऊस अजून यायचा असतो. केप टाउनला चार रात्री, मग गार्डन रूट या किनाऱ्यालगतच्या रस्त्याने पूर्वेकडे नाइस्नाच्या परिसरात चार, शेवटी आडो एलिफंट नॅशनल पार्कजवळ तीन, आणि विमान परत केप टाउनहून न पकडता ग्केबेऱ्हाहून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट एलिझाबेथहून. एका शहरात उतरून दुसऱ्यातून निघण्याचं तिकीट घेतलं की उलटं फिरण्याचे सातशे-साडेसातशे किलोमीटर वाचतात. भाड्याची गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचे वेगळे पैसे मात्र पडतात, ते आधी विचारा. केप टाउन ते नाइस्ना जवळपास पाचशे किलोमीटर आहे, धाकट्याला ते एका दमात झेपत नाही. वाटेतल्या स्वेलेनडमला रात्रीचा मुक्काम करा.

वर म्हटलेली पळवाट ती हीच. आडोत स्वतःच्या बंद गाडीने फिरता येतं, तिथे वयाची अट आड येत नाही, आणि हा भाग मलेरियामुक्त आहे. उत्तरेकडे माडिक्वे आणि पिलानेसबर्ग ही अभयारण्यंही मलेरियामुक्त आहेत. क्रूगर नॅशनल पार्क तसं नाही, आणि तिथे एप्रिल हा मलेरियाच्या हंगामातच येतो. पाच वर्षांच्या मुलाला गोळ्या देता येतात, त्यांचा डोस वजनावर ठरतो, पण पर्याय असताना त्या भानगडीत पडण्याचं कारण दिसत नाही.

तिथली नेहमीची चूक म्हणजे टेबल माउंटनचा रोपवे शेवटच्या दिवसासाठी ठेवणं. वारा वाढला की तो बंद होतो आणि ढग आले की वर काही दिसत नाही. पहिला स्वच्छ दिवस दिसताच जाऊन या. आणि मुलांना समुद्रात डुंबायचंच असेल तर हा भाग निवडू नका. केप टाउनजवळ अटलांटिकचं पाणी उन्हाळ्यातही हुडहुडी भरवतं, पूर्वेकडे जरा बरं असतं एवढंच.

जपान. चेरीच्या बहरात गेलात तर गर्दी आणि महाग खोल्या गृहीत धरा. क्योतोत चार जणांच्या खोल्या सहा-सहा महिने आधी संपतात. तिथल्या हॉटेलांच्या खोल्या लहान असतात आणि बऱ्याच फक्त दोघांसाठी. चौघांना एका खोलीत ठेवणारं हॉटेल शोधण्यातच सगळा वेळ जातो, म्हणून विमानाआधी खोली शोधा. सहाच्या आतलं मूल आईबाबांच्याच पलंगावर झोपणार असेल तर बरीच हॉटेलं त्याचे पैसे घेत नाहीत, पण बुकिंगमध्ये ते नोंदवावं लागतं. तिथल्या शाळांनाही मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुट्टी असते. थीम पार्क हवं असेल तर 8 एप्रिलनंतरचा आठवड्यातला दिवस निवडा. 29 एप्रिल ते 5 मे या गोल्डन वीकच्या वाटेला जाऊ नका.

जपान रेल पासचा (ठरावीक दिवस रेल्वेने हवं तितकं फिरू देणाऱ्या पासाचा) दर ऑक्टोबर 2023 मध्ये सुमारे 70 टक्क्यांनी वाढला. तोक्यो, क्योतो, ओसाका एवढंच करणार असाल तर तो आता परवडत नाही, सुटी तिकिटं काढा. सगळ्यात सरळ बेत: तोक्योत उतरून पाच रात्री, सव्वादोन तासांच्या शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) क्योतो, तिथे पाच रात्री, ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत. त्या शिंकानसेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर सामानाची जागा असलेली सीट आधी आरक्षित करावी लागते. त्याऐवजी मोठ्या बॅगा तोक्योतल्या हॉटेलातूनच कुरिअरने क्योतोच्या हॉटेलला पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतात, आणि एका रात्रीचे कपडे पाठपिशवीत ठेवा. जेट लॅगचाही इथे उपयोग होतो: मुलं पहाटे पाचला जागी असतील तर क्योतोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या तोरणांखालून चालायला त्याहून चांगली वेळ नाही. ते चोवीस तास उघडं असतं आणि आठनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

आग्नेय आशियाची एकत्र शिफारस करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, तिथे एप्रिलमध्ये शे-दोनशे किलोमीटरवर हवा बदलते. बँकॉकमध्ये तो वर्षातला सगळ्यात गरम महिना. चिआंग माईच्या बाजूला मार्च-एप्रिलमध्ये शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर कोंडलेला असतो, दम्याचं मूल असेल तर तो भाग वर्ज्यच. 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, रस्त्यावर पाणी उडवण्याची धमाल. थोरलं खूश होईल, पण त्या दिवसांत गावं बदलू नका, बसगाड्या आणि रेल्वे भरलेल्या असतात. थायलंडच हवं असेल तर आखातातलं को समुई बघा, तिथे या दिवसांत पाऊस कमी असतो. व्हिएतनामच्या मध्यभागी दानांग-होइआन परिसरात फेब्रुवारी ते ऑगस्ट कोरडं असतं, समुद्र पोहण्याजोगा असतो, आणि विमानतळापासून गाव तासाभराच्या आत. लहान मुलांसाठी हा मला थायलंडपेक्षा सोपा पर्याय वाटतो. बालीत एप्रिलपासून पाऊस ओसरतो. फक्त न्येपीची, म्हणजे तिथल्या मौनदिवसाची, तारीख पाहा, तो सहसा मार्चमध्ये येतो आणि त्या दिवशी विमानतळासकट सगळं बेट चोवीस तास बंद असतं.

श्रीलंकेत एप्रिल दोन मोसमांच्या मधला. सकाळ स्वच्छ, दुपारनंतर विजांचा पाऊस. दिवसाचं काम अकराच्या आत उरकायची सवय ठेवली तर छान जमतं; सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याच्या सुमारे 1,200 पायऱ्या तर उन्हाआधीच चढायला हव्यात. डोंगरी रस्त्यांवर तासाला 35 किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका. 13-14 एप्रिलला नववर्ष, दुकानं बंद आणि चालक आपापल्या गावी. गाडी ठरवताना हे बोलून घ्या.

मालदीवला कोरडा हंगाम एप्रिलपर्यंत टिकतो. पण विमानतळावरून बेटांवर नेणारी सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान दुपारी साडेतीननंतर उतरत असेल तर रात्र मालेत काढावी लागण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर स्पीडबोटीने गाठता येणारं बेट निवडा. सीप्लेनमधली सामानाची मर्यादा साधारण 20 किलो अधिक 5 किलो, म्हणजे विमान कंपनीने 30 किलो दिलेले असले तरी जादा वजनाचे पैसे पडतात.

अटलांटिकच्या पलीकडे कॅरिबियन बेटं आणि कोस्टा रिकाचा पॅसिफिक किनारा हे दोन्ही कोरड्या हंगामाच्या शेवटी, अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम 1 जूनपासून. पोहण्यासाठी आणि कमीत कमी धावपळीसाठी चांगले. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर मात्र वसंतापासून सारगॅसम नावाचं शेवाळ वाहून येऊ लागतं, किनारा तपकिरी होतो आणि वास सुटतो. जलतरण तलाव चांगला असलेलं हॉटेल घ्या, म्हणजे समुद्राने दगा दिला तरी मुलांचं अडत नाही. लॅटिन अमेरिकेत ईस्टरच्या आठवड्यात स्थानिक लोकही किनाऱ्यावर लोटतात, तो एक आठवडा टाळता आला तर बरं.

केनिया आणि टांझानिया या सुट्टीत नको. मार्च ते मे मोठा पाऊस, रस्ते चिखलाचे, काही कॅम्प बंदच असतात. स्वस्त दर दिसतात ते उगाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तरेकडे साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा काळ असतो, जाळी लावलेल्या जागीच आणि अंगभर सूट घालून पाण्यात उतरावं लागतं. ‘किनाऱ्याची सुट्टी’ म्हणून गेलात तर मुलं हिरमुसतील.

कागदपत्रांत अडकतं ते मुलांचं. अनेक देश मुलांना पाचच वर्षांचा पासपोर्ट देतात, आणि बरेच देश प्रवेशासाठी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. धाकट्याचा पासपोर्ट जन्मताच काढला असेल तर तो आत्ता संपतोय किंवा संपलाय. विमानाचं बुकिंग करायच्या दिवशीच चौघांचे पासपोर्ट समोर ठेवा. आई किंवा बाबा यांपैकी एकच जण मुलांना नेणार असेल, किंवा आडनावं वेगळी असतील, तर जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र सोबत असावं. ऑनलाइन प्रवासपरवाना सरकारी संकेतस्थळावरच काढा, शोधयंत्रात वर दिसणाऱ्या अनेक साइट मध्यस्थांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

लशींसाठी सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. पिवळ्या तापाचा दाखला लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, आणि थेट न जाता पिवळ्या तापाच्या देशात लांब थांबा घेतलात तरी काही देश तो मागतात. केप टाउनचं स्वस्त तिकीट मध्ये कुठे थांबतं ते त्यासाठीही पाहा. ताप, जुलाब आणि अ‍ॅलर्जीची औषधं हातातल्या सामानात ठेवा. पॉवरबँकही तिथेच, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ती चालत नाही.

बुकिंगचा क्रम असा ठेवा. विमान कंपन्या साधारण 330 ते 360 दिवस आधी तिकिटं खुली करतात. सुट्टीच्या तारखांना शेवटच्या क्षणी दर उतरण्याची वाट बघणं फोल असतं, कारण त्या जागा रिकाम्या राहतच नाहीत. आठ-नऊ महिने आधी, रद्द करता येणारी खोली प्रथम, मग लगेच विमान, आणि त्याच दिवशी विमा. विमा निघायच्या आठवड्यात घेतला तर मधल्या महिन्यांत कुणी आजारी पडून प्रवास रद्द झाल्यास काहीच मिळत नाही. सुट्टी लागते त्या पहिल्या शनिवारऐवजी सोमवार-मंगळवारचं विमान बघा, दोन दिवस कमी होतात पण फरक बरेचदा एवढा असतो की उरलेल्या मुक्कामात चांगली खोली मिळते.

खोली घेताना दोन शब्द नीट वाचा. ‘कनेक्टिंग’ म्हणजे आतून दार असलेल्या दोन खोल्या, ‘अ‍ॅडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी. 5 वर्षांच्या मुलाला घेऊन दुसऱ्या प्रकारात राहायचं तर मोठी माणसं एकेका खोलीत विभागली जातात. आणि ‘विनंती नोंदवली’ म्हणजे खात्री नव्हे. कनेक्टिंग खोलीची हमी ईमेलवर लेखी मागा, आणि निघण्याच्या आठवडाभर आधी तीच ईमेल हॉटेलला पुन्हा पाठवा.